पुण्यात रनिंग क्लब निवडताना आधी शेवटचा माणूस बघा

डिसेंबरातली पहाट, रेसकोर्सच्या कडेला सव्वापाचची वेळ. तीस-चाळीस माणसं रस्त्यावरच्या दिव्याखाली उभी राहून पाय झटकत होती. मी एकेचाळिसाव्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा पळायला आले होते. पायात मुलीच्या पीटीचे बूट आणि अंगात दोन स्वेटर. कुणीतरी शिट्टी मारली, सगळे निघाले आणि चारशे मीटरच्या आत मी एकटी उरले. पुढच्या वळणावर कुठे वळायचं ते माहीत नव्हतं. मागे वळून पाहिलं तर तीन कुत्री. घरी परत आले ते रिक्षाने. त्या ग्रुपचं नाव सांगत नाही. माणसं वाईट नव्हती, त्यांच्याकडे माझ्यासाठी जागा नव्हती एवढंच.

चार महिन्यांनी तळजाईवर दुसऱ्या एका ग्रुपकडे गेले. तिथे निवृत्त झालेले एक काका सगळ्यांत मागून चालल्यासारखे पळत होते. मला वाटलं, दमले असतील. नंतर कळलं की ते ग्रुपमधल्या जुन्या, चिवट धावपटूंपैकी होते आणि त्या दिवशी मागे राहायची पाळी त्यांची होती. "अगं, घाई कसली, टेकडी काय पळून जात नाही," म्हणाले. त्या ग्रुपमध्ये मी आज सहा वर्षं आहे.

तेव्हापासून कुणी विचारलं की पुण्यात कुठला रनिंग क्लब चांगला, तर मी एकच गोष्ट बघायला सांगते: सगळ्यांत शेवटी पळणाऱ्याचं तिथे काय होतं? बाकीचं सगळं खाली सांगतेच, पण तुम्हाला वेळ नसेल तर एवढं पुरे आहे.

आधी ठरवा, हवंय काय

पुण्यात 'क्लब' या एका शब्दाखाली चार वेगळ्या गोष्टी येतात आणि नवीन माणसाची निम्मी गल्लत इथेच होते.

पहिला प्रकार म्हणजे मोफत ग्रुप. सोसायटीचा, ऑफिसचा किंवा टेकडीवर रोज भेटून तयार झालेला. कोच नसतो, एक व्हॉट्सॲप ग्रुप असतो आणि रविवारी पळून झाल्यावर इडली असते. दुसरा प्रकार फी घेणारा, कोच असलेला ग्रुप. आठवड्याचा आराखडा मिळतो, दोन दिवस रस्त्यावर, एक दिवस ट्रॅकवर, रविवारी लाँग रन, म्हणजे लांब पल्ल्याचं हळू पळणं. हे बहुतेक दहा किलोमीटर, अर्धमॅरेथॉन (एकवीस किलोमीटर), मॅरेथॉन (बेचाळीस) अशा स्पर्धांसाठी तयारी करून घेतात. तिसरा प्रकार खराखुरा अ‍ॅथलेटिक्स क्लब. इथे शंभर मीटरपासून लांब उडी, गोळाफेक, अडथळ्यांपर्यंत सगळं असतं, मुलं जास्त असतात आणि क्लब जिल्हा संघटनेशी जोडलेला असतो. चौथा, टेकडी आणि गडवाटांवर पळणाऱ्यांचा. सिंहगड-राजगड-तोरणा अशी एसआरटी अल्ट्रा, म्हणजे गडांवरून जाणारी लांब पल्ल्याची शर्यत, ज्यांच्या डोक्यात असते ते लोक. पहिल्या महिन्यात यांच्या नादी लागू नका. दुसऱ्या वर्षी जरूर लागा.

वजन कमी करायचं किंवा मित्रमंडळ हवंय, तर पहिला. स्पर्धेचं नाव ठरलंय आणि शिस्त हवीय, तर दुसरा. घरात दहा वर्षांचं मूल सोफ्यावरून उड्या मारतंय, तर तिसरा.

या शहराला पळण्याचं वेड नवीन नाही, हे जाता जाता. १९१९ साली डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांमध्ये खेड्यापाड्यांतली मुलं अनवाणी पळताना सर दोराबजी टाटांनी पाहिली आणि त्यांच्या वेळा ऐकून चकित झाले. पुढच्याच वर्षी, १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचे खेळाडू गेले ते त्यातून. त्यातले फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली १९८३ मध्ये. तेव्हा 'या वयात काय पळायचं' असं कुणी म्हणालं तर त्यांना सांगा, गावाची रीतच आहे.

घरापासून मैदान किती लांब?

क्लबची प्रसिद्धी, कोचचं नाव, टी-शर्टचा रंग यांच्याआधी हे बघा. पहाटे पाचला घरातून निघून वीस मिनिटांत पोहोचता येत असेल तरच तो क्लब तुमचा. कोथरूडचा माणूस उत्साहाने हडपसरच्या ग्रुपला पैसे भरतो आणि तिसऱ्या आठवड्यात गजर बंद करून कूस बदलतो, हे मी कितीदा तरी पाहिलंय. पहाटे रस्ते रिकामे असतात हे खरं, पण परत येताना आठ वाजलेले असतात आणि आठ वाजताचं पुणे तुम्हाला माहीत आहे.

दक्षिणेकडच्या लोकांना, म्हणजे सहकारनगर, बिबवेवाडी, धनकवडीवाल्यांना तळजाई. झाडी आहे, मातीच्या वाटा आहेत, गुडघ्यांना बरं. मोर दिसतात. पहाटे इतकी गर्दी असते की एकटं वाटत नाही. पर्वतीच्या पायऱ्या जवळच आहेत, पण पायऱ्या उतरताना पळू नका, निदान पहिलं वर्षभर. चढायच्या पळत आणि उतरायच्या चालत.

स्वारगेटजवळ, सारसबागेसमोर सणस मैदान. महापालिकेचं, सिंथेटिक ट्रॅक असलेलं. शहराच्या मध्यात राहणाऱ्यांना ट्रॅकवरचा सराव करायचा तर हेच सोयीचं आणि मुलांचे अ‍ॅथलेटिक्सचे बरेच वर्ग इथे दिसतील. वेळा आणि पास यांची चौकशी तिथेच जाऊन करा, कारण स्पर्धा असल्या की मैदान बंद असतं आणि ते फोनवर कुणी सांगत नाही.

कोथरूड, पौड रस्ता, गोखलेनगर, पाषाण इथल्यांची वेताळ टेकडी. शहरातली सगळ्यांत उंच जागा, समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर. वरती खाणीभोवतीचा भाग बराचसा सपाट आहे, त्यामुळे एकदा चढून गेलात की निवांत पळता येतं. पण वाटेवर सुटे दगड असतात आणि पावसाळ्यात शेवाळ. पहिला महिना सपाटीवर काढून मग इकडे या. औंध, गणेशखिंड भागातले लोक विद्यापीठाच्या आवारात पळतात. जुन्या झाडांची सावली हा त्याचा मोठा गुण, एप्रिलमध्ये कळतो. आत सोडण्याच्या वेळा गेटवर विचारून घ्या.

बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं. २००८ मध्ये राष्ट्रकुल युवा स्पर्धाही तिथेच झाल्या. बाणेर-बालेवाडी-वाकडकरांना ते जवळचं. भोसरीकरांना इंद्रायणीनगरचं संकुल आहे. कॅम्प, वानवडी, कोंढव्याचे लोक रेसकोर्सला जातात. तिथे माझी पहिली सकाळ कशी गेली ते सांगितलंच, तरी जागा उत्तम आहे. सपाट, रुंद आणि अंतराचा अंदाज लगेच येतो.

क्लबात जाण्याआधीचे चार आठवडे

थेट जाऊन उभं राहिलात तरी कुणी हाकलणार नाही. पण चार आठवडे एकट्याने थोडी तयारी केली तर पहिल्या दिवशीची फजिती टळते.

त्याआधी डॉक्टर. चाळिशी उलटली असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, किंवा जिना चढताना छातीत दडपण येत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि ते म्हणतील त्या तपासण्या करा. हे मी फॉर्मवर छापतात तसं सांगत नाहीये. आमच्या ग्रुपमधल्या एका दादांना 'पित्त आहे' असं वाटत होतं. ते पित्त नव्हतं.

मग आठवड्यातून तीन दिवस, मधे एक दिवस सुट्टी सोडून. पहिल्या आठवड्यात एक मिनिट हळू पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं दहा वेळा. दुसऱ्या आठवड्यात दोन मिनिटं पळणं आणि दोन मिनिटं चालणं, आठ वेळा. तिसऱ्यात तीन मिनिटं पळून एक मिनिट चाला, सात-आठ वेळा. चौथ्यात पाच मिनिटं पळणं आणि एक मिनिट चालणं, पाच वेळा. झाला अर्धा तास. एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करा.

किती हळू? पळता पळता शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. शेजारी कुणी नसेल तर मनातल्या मनात नाही, तोंडाने एखादी आरती म्हणून बघा. दर दोन शब्दांनी श्वास घ्यावा लागला तर तुम्ही जोरात पळताय. लाज वाटेल इतकं हळू, हाच बरोबर वेग. चालणारे आजोबा तुम्हाला ओलांडून जातील. जाऊ देत.

बघायला जा, पैसे भरायला नको

क्लबला फोन करा किंवा मेसेज टाका आणि सरळ सांगा: "सर, मी नवीन आहे. अर्धा तास चालत-पळत करते. एक-दोन दिवस येऊन बघू का?" या एका वाक्याच्या उत्तरावरून बरंच कळतं. "या की, बुधवारी या, तेव्हा नवीन लोक असतात," असं उत्तर आलं तर चांगलं लक्षण. "आधी ऑनलाइन फी भरा, मग बॅच मिळेल," असं आलं तर मी पुढे जात नाही.

गेल्यावर दहा मिनिटं लवकर पोहोचा आणि कडेला उभं राहून बघा. सुरुवातीला वॉर्म-अप होतो का? नुसतं वाकून अंगठे धरणं म्हणजे वॉर्म-अप नव्हे. पाच-दहा मिनिटं हलकं पळणं, मग पाय झुलवणं, गुडघे उचलणं, टाचा मागे मारणं, असं अंग गरम करणारं काहीतरी हवं. वेगांप्रमाणे गट पाडलेत का? किलोमीटरला साडेपाच मिनिटांनी पळणारे आणि साडेआठ मिनिटांनी पळणारे एकाच घोळक्यात सोडले तर दुसऱ्या गटाचं काय होतं ते मी भोगलंय.

आणि मागे बघा. शेवटच्या माणसासोबत कुणी आहे का? तो परत आल्यावर मंडळी अजून थांबलीत का, की गाड्या काढून गेलीत? त्याच्या वाटेवर पाणी उरलंय का? आमच्याकडे एक नियम आहे, कुठे लिहिलेला नाही: शेवटचा माणूस आल्याशिवाय स्ट्रेचिंग सुरू होत नाही. सुरुवातीला मला याची फार लाज वाटायची. तीस माणसं आपल्यासाठी कंबरेवर हात ठेवून उभी. मग कळलं की त्यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी शेवटचं येऊन झालंय.

कोचशी बोला. अवघडू नका, पैसे तुम्ही देणार आहात. प्रशिक्षणाचं काय शिकलात, हे विचारायला हरकत नाही. पतियाळाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, डिप्लोमा किंवा वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सच्या (या खेळाची जागतिक संघटना) पायरीपायरीच्या कोर्समधून शिकलेले कोच पुण्यात आहेत. स्वतः फार वेगाने पळणारा माणूस चांगला शिकवतोच असं नाही आणि कागद असलेलाही शिकवतो असं नाही, पण उत्तर देतानाचा सूर ऐकण्यासारखा असतो. मी हे विचारते:

"माझा गुडघा दुखला तर काय करायचं?" याला "पळत राहा, सुटेल" हे उत्तर चूक. "थांबा, मला सांगा, दोन-तीन दिवसांत कमी झालं नाही तर फिजिओकडे जा," हे बरोबर.

"कुणी चक्कर येऊन पडलं तर?" प्रथमोपचार आणि सीपीआर येणारं कुणी सोबत असतं का, गाडी कुणाकडे असते, जवळचं रुग्णालय कुठलं. उत्तर लगेच यायला हवं, विचार करून नव्हे.

"मला अर्धमॅरेथॉन किती दिवसांत जमेल?" इथे सावध. मला एके ठिकाणी कोचने सांगितलं होतं, बारा आठवड्यांत एकवीस करून देतो. मी तेव्हा जेमतेम पाच किलोमीटर पळत होते. नवव्या आठवड्यात नडगीचं हाड असं दुखायला लागलं की बँकेत काउंटरवर उभं राहता येईना. दोन महिने बसून काढले. शून्यापासून निघालेल्या माणसाला नीट दहा किलोमीटरपर्यंत यायलाच चार-सहा महिने द्यावेत आणि अर्धमॅरेथॉनला वर्षभर. असं सांगणारा कोच कंटाळवाणा वाटतो. त्यालाच धरा.

बायकांसाठी दोन गोष्टी वेगळ्या. एक, ग्रुपमध्ये बायका किती आहेत यापेक्षा कुठल्या गटात आहेत ते बघा. सगळ्या मागच्या गटात आणि पुढे एकही नाही, किंवा वर्षभर टिकलेली एकही नाही, तर का, हे त्यांनाच विचारा. त्या खरं सांगतात. दोन, हिवाळ्यात पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. साडेपाचला सुरुवात म्हणजे तास-सव्वा तास अंधार. वाट कुठली, दिवे कुठे संपतात, जोडीने पळायची पद्धत आहे का आणि टॉयलेटची सोय कुठे, हे आधी विचारून घ्या. शेवटचा प्रश्न मी तीन ठिकाणी विचारला, दोन ठिकाणी सरांचे कान लाल झाले.

फी आणि फॉर्म

यात फार काही नाही. महिन्याची, तीन महिन्यांची आणि स्पर्धेपर्यंतच्या पूर्ण हंगामाची, अशी फी असते. पहिल्यांदा महिन्याचीच भरा, जास्त पडली तरी. दुखापत झाली तर पैसे पुढे ढकलतात का, पावसात सराव रद्द झाला तर बदली दिवस देतात का, ट्रॅकचा पास फीमध्ये आहे की वेगळा, हे विचारा. फॉर्मवर आजार, औषधं, रक्तगट आणि घरच्यांचा नंबर खरा लिहा. 'स्वतःच्या जबाबदारीवर' असा मजकूर सगळीकडे असतो, तो वाचून सही करा. व्हॉट्सॲप ग्रुप मात्र लगेच म्यूट करा, नाहीतर पहाटे साडेतीनपासून सुप्रभात सुरू होतं.

बूट, आणि बाकी जवळजवळ काही नाही

खर्च करायचा तो बुटांवर. दुकानात संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. पळताना घालणार तेच मोजे घेऊन जा. अंगठ्यापुढे अंगठाभर जागा सुटली पाहिजे, टाच हलता कामा नये. दुकानातच थोडं पळून बघा, विक्रेते हसत नाहीत. महागातला कार्बन प्लेटवाला (तळात कडक पट्टी असलेला, स्पर्धेचा) बूट नवशिक्याला नकोच. एक जोड साधारण ६०० ते ८०० किलोमीटर चालतो. तळ वरून ठीक दिसला तरी आतली गादी बसलेली असते, म्हणून पहिल्या दिवसाची तारीख बुटाच्या जिभेवर पेनाने लिहून ठेवा. बायकांनी बुटांइतकाच विचार स्पोर्ट्स ब्राचा करावा. सुती टी-शर्ट घामाने जड होतो आणि काखेत घासतो. घासणाऱ्या जागी व्हॅसलीन. घड्याळ नंतर. पहिले सहा महिने मोबाइल पुरतो.

पहिला महिना

सगळ्यांत मागच्या गटात नाव द्या. कोच म्हणाले तुम्ही मधल्यात जाऊ शकता, तरीही. दम महिन्याभरात वाढतो, पण हाडं आणि कंडरा (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या) तयार व्हायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. नवीन माणूस जायबंदी होतो तो याच फटीत. दम आहे, उत्साह आहे, नडगी तयार नाही.

दुखणं दोन तऱ्हेचं. दोन्ही पायांत, मोठ्या स्नायूंत, पसरलेलं, दोन दिवसांत जाणारं: हे चालतं. एकाच पायात, एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असं आणि पळताना वाढत जाणारं: इथे थांबायचं. नडगीच्या हाडावर एका बिंदूला दाबून कळ आली तर हाडाला बारीक चीर असण्याची शंका घ्यायची आणि डॉक्टरांकडे जायचं. मी फिजिओकडे जायला तीन आठवडे उशीर केला, कारण ग्रुपमधून बाहेर पडायचं नव्हतं. आता नवीन आलेल्या प्रत्येकीला हे मी स्वतः सांगते.

ट्रॅकवरचा पहिला दिवस वेगळा असतो. सगळ्यांत आतल्या लेनची एक फेरी ४०० मीटरची, प्रत्येक लेन १.२२ मीटर रुंद. बाहेर बाहेर गेलात की अंतर वाढत जातं, आठव्या लेनमध्ये एक फेरी ४५० मीटरच्या वर जाते. पळायचं घड्याळाच्या उलट दिशेने, म्हणजे डावा हात आतल्या बाजूला. आतल्या दोन लेन वेगाने पळणाऱ्यांच्या. हळू पळणं, चालणं सगळं बाहेरच्या लेनमध्ये. मागून "ट्रॅक, ट्रॅक!" अशी हाक आली तर घाबरून मध्येच थांबू नका, उजवीकडे बाहेर सरका. फेरी संपली की रेषेवर गुडघ्यांवर हात ठेवून उभं राहायचं नाही, दोन पावलं बाहेर यायचं आणि मग मरायचं. ट्रॅक ओलांडताना डावी-उजवीकडे बघायचं, रस्त्यासारखंच. पलीकडे भालाफेक चालू असेल तर त्या बाजूला फिरकायचंच नाही.

सराव साधारण असा असतो: दोन किलोमीटर हलकं, मग ४०० मीटरच्या सहा फेऱ्या, मधे दीड-दोन मिनिटं चालणं, शेवटी पुन्हा हलकं. नवीन माणूस पहिली फेरी बंदुकीतून सुटल्यासारखा मारतो आणि चौथीला कडेच्या गवतावर बसतो. सहाही फेऱ्या एकाच वेळेत जायला हव्यात. किलोमीटरला आठ मिनिटांनी पळत असाल तर तुमची नेहमीची फेरी ३ मिनिटं १२ सेकंदांची. ट्रॅकवर ती २:५० च्या आसपास ठेवा आणि शेवटची पहिलीपेक्षा एखाद-दुसऱ्या सेकंदाने कमी आली तर समजा जमलं.

खाणं: पहाटे निघण्याआधी अर्धं केळं किंवा दोन खजूर. तासाभराच्या आत संपणाऱ्या पळण्याला आणखी काही लागत नाही. लांबच्या रविवारी खिशात राजगिऱ्याचा लाडू आणि बाटलीत मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी. पळून आल्यावरचे पोहे स्वतःच्या पैशाने आणि भरपूर. एप्रिल-मे मध्ये सात वाजता संपेल असं पळा. डोकं दुखणं, थंडी वाजणं, बोलताना अडखळणं यांपैकी काही जाणवलं तर सावलीत बसा, अंगावर पाणी ओता आणि शेजारच्याला सांगा. उन्हात थंडी वाजली तर ती चांगली खूण नसते.

घरातल्या मुलांसाठी

इथे अ‍ॅथलेटिक्स क्लब शोधा, मोठ्यांचा रनिंग ग्रुप नको. बारा वर्षांच्या मुलाला बाबांसोबत दहा किलोमीटर पळवून फोटो टाकण्यात काही शहाणपण नाही. मोठ्या स्पर्धांमध्ये लांबच्या अंतरांसाठी किमान वयाची अट असते, ती उगाच नाही.

चांगल्या क्लबात लहान मुलं खेळत असतात. रिले, अडथळे, उड्या, चेंडूफेक, पकडापकडी. नवव्या-दहाव्या वर्षी 'ही आमची आठशे मीटरची' असं शिक्कामोर्तब करणाऱ्या सरांपासून जरा लांब. बीड जिल्ह्यातला अविनाश साबळे स्पर्धेच्या धावण्याकडे वळला तो सैन्यात गेल्यानंतर आणि २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीग या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत त्याने ३००० मीटर स्टीपलचेसचा (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत) राष्ट्रीय विक्रम ८:०९.९१ वर नेला. उशीर होत नाही, हे पालकांनी भिंतीवर लावून ठेवावं.

मूल स्पर्धेत उतरणार असेल तर जिल्हा संघटनेकडे नोंदणी क्लबमार्फत होते. पहिल्याच दिवशी विचारा: क्लब संलग्न आहे का? महापालिकेचा जन्मदाखला, आधार, शाळेचा बोनाफाईड आणि फोटो यांची फाइल तयार ठेवा. सगळीकडे जन्मतारीख आणि नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, हे आत्ताच तपासा. देशाच्या अॅथलेटिक्स महासंघाच्या स्पर्धा १४, १६, १८, २० वर्षांखालील अशा गटांत होतात, शालेय स्पर्धांचे गट १४, १७, १९ असे वेगळे आहेत. वयचोरी पकडायला मनगटाच्या एक्स-रेवरून वय तपासलं जातं. 'एक वर्ष कमी दाखवू' असं सुचवणारा कुणी भेटला तर मुलाची बॅग उचलून घरी या.

स्पाइक्स, म्हणजे तळाला खिळे असलेले बूट, लगेच घेऊ नका. साध्या बुटांत सहा महिने जाऊ देत. घ्याल तेव्हा सिंथेटिक ट्रॅकला सहा-सात मिलिमीटरचे खिळे पुरतात. आणि सराव चालू असताना तारेच्या कुंपणाला चिकटून "जोरात, जोरात" ओरडू नका. सर बोलत नाहीत, पण मुलं मान खाली घालतात.

पहिली स्पर्धा

पाऊस संपला की पुण्यात रविवारी कुठे ना कुठे पळणं असतंच आणि मार्चपर्यंत ते चालतं. पहिल्या स्पर्धेला पाच किंवा दहा किलोमीटर घ्या आणि शहरातलीच घ्या, म्हणजे रात्री स्वतःच्या पलंगावर झोपता येईल. साताऱ्याची हिल मॅरेथॉन सुंदर आहे, पण यवतेश्वरचा घाट नवशिक्याला माफ करत नाही. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत तिसऱ्या रविवारी असते. त्यातल्या अर्धमॅरेथॉनसाठी सोळा आठवडे धरले तर सप्टेंबरअखेर तयारी सुरू व्हायला हवी आणि तेव्हा तुम्ही आरामात आठ-दहा किलोमीटर पळत असायला हवं. पुण्याच्या कोरड्या थंडीत केलेला वेग मुंबईच्या दमट हवेत मिळत नाही, किलोमीटरमागे थोडा सोडून द्या.

स्पर्धेला नवीन बूट नको, नवीन मोजे नको, आदल्या रात्री मिसळ नको. क्लबातल्या अनुभवी कुणाला तरी सोबत पळायला सांगा. ते आनंदाने येतात, कारण त्यांनाही वेळेशिवाय पळायला निमित्त हवं असतं. माझ्या पहिल्या दहा किलोमीटरला काका आले होते. आठव्या किलोमीटरला मी म्हणाले, "काका, तुम्ही जा पुढे." ते म्हणाले, "पुढे काय आहे? केळं आहे. ते माझ्यासाठी ठेवतात." एक तास चोवीस मिनिटं लागली आणि केळी संपलेली होती.

पहाटे निघताना बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबरचा कागद, उलटा करून बघा. मागे नाव, घरच्यांचा नंबर आणि रक्तगट लिहायच्या रेघा असतात. बहुतेक लोक त्या कोऱ्या ठेवतात. बॉलपेनने भरा, शाईच्या पेनाचं घामाने पाणी होतं. आणि सेफ्टी पिना चार घ्या, वाटणाऱ्याने दोनच दिल्या तरी मागून घ्या.